बाबांना सोसायटीतला पाळीव कुत्रा चावला – भरपाई मागता येते का, कशी?

सायली_पुणे | शनिवार, रात्री ९:४०

नमस्कार मंडळी, पहिल्यांदाच धागा काढतेय, काही चुकलं तर सांभाळून घ्या. आज संध्याकाळी साडेसहाला माझे बाबा (वय ६८) दूध घेऊन येत होते, पार्किंगमध्ये लिफ्टचं दार उघडलं आणि आतून तिसऱ्या मजल्यावरच्या काकांचा जर्मन शेफर्ड बाहेर आला तो थेट बाबांच्या अंगावरच. पट्टा होता, पण तो त्यांच्याकडे कामाला असलेल्या मुलाच्या हातात होता, एवढा मोठा कुत्रा त्याला आवरणार कसा, पट्टा निसटला. उजव्या पोटरीला धरलं आणि सोडेचना, वॉचमनने काठी आपटली तेव्हा सुटला. चार दात खोल गेलेत आणि एका जागी मांस लोंबत होतं.

काका खाली आले, पहिलं वाक्य "घाबरू नका, त्याला सगळी इंजेक्शनं दिलेली आहेत" आणि दुसरं वाक्य "तुम्ही पिशवी हलवली असेल म्हणून तो बिचकला". मला तिथेच रडू आलं. बाबा आणि हे काका गेली सात-आठ वर्षं रोज पहाटे बरोबर टेकडीवर जातात, त्यामुळे बाबा म्हणतायत जाऊ दे, शेजारी आहेत. जवळच्या डॉक्टरांनी जखम पुसली, धनुर्वाताचं इंजेक्शन दिलं, तीन टाके घातले आणि सोमवारी दाखवायला या म्हणाले.

माझे प्रश्न – पोलिसात तक्रार होते का? औषधाचा खर्च मालकाकडून मागता येतो का? आणि मागितला तर आपण पैशाच्या मागे लागलो असं होतं का, कारण घरात सध्या तोच वाद चाललाय.

डॉक्टर_माणगाव | शनिवार, रात्री ९:५८

सायली, कायदा उद्या बघू. रेबीजची लस दिली का? धाग्यात कुठे दिसली नाही म्हणून विचारतोय. मांस फाटलंय, रक्त आलंय, म्हणजे ही तिसऱ्या, सगळ्यात गंभीर कॅटेगरीची जखम, यात नुसती लस पुरत नाही, जखमेत आणि जखमेच्या कडेने इम्युनोग्लोब्युलिन टोचावं लागतं, ज्याला दवाखान्यात सगळे सीरम म्हणतात. लसीने शरीरात प्रतिकार तयार व्हायला आठवडा-दहा दिवस जातात, तेवढे दिवस हे सीरम राखण करतं. आणि टाके शक्यतो घालायचेच नसतात, घालायची वेळ आलीच तर आधी सीरम आणि मग सैलसे टाके.

आत्ता साबण लावून वाहत्या नळाखाली पंधरा मिनिटं जखम धुवा, मोबाइलवर वेळ लावून. हळद, चुना, तिखट, कॉफी काहीही भरू नका. आणि सकाळची वाट न बघता रात्रीच मोठ्या सरकारी किंवा पालिकेच्या रुग्णालयाच्या कॅज्युअल्टीत जा.

सायली_पुणे | शनिवार, रात्री १०:०६

लस नाही दिली डॉक्टर. ते म्हणाले कुत्रा घरचा आहे, लसीकरण झालंय, गरज नाही. आम्ही निघतोय आत्ता.

डॉक्टर_माणगाव | शनिवार, रात्री १०:११

कुत्र्याला लस दिली होती म्हणून माणसाची लस टाळायची नसते. उपचार आज सुरू करायचे आणि कुत्र्यावर दहा दिवस नजर ठेवायची. तो दहा दिवस ठणठणीत राहिला तर पुढच्या डोसचं काय करायचं ते तिथले डॉक्टर ठरवतील. रेबीजची लक्षणं एकदा सुरू झाली की जवळजवळ कोणी वाचत नाही, म्हणून एवढ्या घाईने लिहितोय. बाबांचं वजन विचारतील, सीरम वजनावर देतात, घोड्याच्या रक्तापासून केलेलं असेल तर किलोला ४० युनिट आणि माणसाच्या रक्तापासून केलेलं असेल तर २०. सीरमचंच काम करणारं, प्रयोगशाळेत बनवलेलं मोनोक्लोनल अँटिबॉडीचं इंजेक्शनही असतं आता, तुमच्या पुण्याच्याच सीरम इन्स्टिट्यूटचं. जे उपलब्ध असेल ते घ्या. केसपेपर जपून ठेवा.

वकील_सातारा | रविवार, सकाळी ७:३०

डॉक्टरांनी शेवटचं वाक्य लिहिलंय तिथूनच माझं सुरू होतं. केसपेपरवर "कुत्रा चावला" एवढंच लिहितात, तुम्ही सांगून "पाळीव कुत्रा, सोसायटीच्या पार्किंगमध्ये, अमुक वाजता" असं लिहून घ्या, जखमेची लांबी-खोली लिहून घ्या आणि एमएलसी (पोलिसांना कळवायची मेडिकोलीगल नोंद) केलीय का ते विचारा. मी कोर्टात बघितलंय, सहा महिन्यांनी मालक म्हणतो आमचा कुत्रा चावलाच नाही, रस्त्यावरचा असेल, आणि कागदावर नुसतं "डॉग बाईट" असलं की ते खोडायला घाम निघतो.

आज रविवार असला तरी सोसायटीच्या सचिवांना लेखी पत्र द्या की काल संध्याकाळी सहा ते सातचं पार्किंगचं आणि लिफ्टचं सीसीटीव्ही फुटेज जपून ठेवा, प्रत द्या. बहुतेक सोसायट्यांत काही दिवसांनी जुनं पुसून नवं रेकॉर्ड होतं, सगळ्यात आधी जातो तो हाच पुरावा. पत्राच्या दुसऱ्या प्रतीवर पोच घ्या. वॉचमन परप्रांतातला असेल आणि नोकरी सोडून गेला तर नंतर सापडत नाही, त्यामुळे त्याच्याकडून आजच दोन ओळी लिहून सही घ्या. बाबांच्या पायाचे फोटो रोज काढा, शेजारी मोजपट्टी ठेवून. फाटलेली पँट धुवू नका.

आणि घरातल्या वादाबद्दल. भरपाई मागणं म्हणजे पैशाच्या मागे लागणं नाही. ज्याच्या हलगर्जीमुळे खर्च झाला त्याने तो करायचा, एवढाच त्याचा अर्थ आहे. तुमच्या बाबांनी हा खर्च ओढवून घेतलेला नाही.

सायली_पुणे | रविवार, दुपारी १:१५

रात्री साडेअकराला लस आणि सीरम दोन्ही झालं. पालिकेच्या रुग्णालयात, एक पैसा लागला नाही. टाके काढले त्यांनी आधी, मग जखमेत सीरम टोचलं, बाबा ओरडले नाहीत पण माझा हात एवढा घट्ट धरला होता की अजून दुखतोय. दोन्ही दंडांत लस दिली, पुढच्या तारखा तिसरा, सातवा आणि अठ्ठाविसावा दिवस. बाबांना वाटत होतं बेंबीत चौदा घ्यावी लागतील, त्यांच्या लहानपणी गावात एकाला दिली होती ती आठवण, त्यामुळेच ते "काही नको" म्हणत होते हे मला तिथे बसल्यावर कळलं.

डॉक्टर माणगाव, तुम्ही काल रात्री लिहिलं नसतं तर आम्ही सोमवारपर्यंत थांबलो असतो. काय बोलू कळत नाही.

सचिवांना पत्र दिलं, पोच घेतली.

शेरूची_आई | रविवार, दुपारी ३:४०

सायली, बाबा लवकर बरे होवोत. माझ्याकडेही दोन कुत्रे आहेत आणि मी मालकांच्या बाजूने लिहायला आलेली नाही. एवढ्या ताकदीचा कुत्रा ज्याला आवरत नाही त्याच्या हाती देणं ही शंभर टक्के मालकाची चूक. आम्ही लिफ्टचं दार उघडायच्या आधी पट्टा आखूड धरतो आणि समोर कोणी असेल तर लिफ्ट सोडून देतो, हे पाळणाऱ्याचं काम आहे, समोरच्याने पिशवी कशी धरावी हे शिकवायचं नसतं.

दोन गोष्टी सुचवते. मालकांकडे कुत्र्याचं लसीकरणाचं पुस्तक आणि पालिकेचा परवाना मागा, दोन्हीचे फोटो घ्या. परवाना नसेल तर पालिकेला कळवता येतं. दुसरं, काही विमा कंपन्यांच्या पाळीव कुत्र्यांच्या पॉलिसीत तिसऱ्या व्यक्तीला झालेल्या इजेचं कव्हर असतं, आमच्या पॉलिसीत आहे. त्यांचीही असेल तर पैसे त्यांच्या खिशातून जाणारच नाहीत, उगाच अहंकारावर घेतील ते.

एकच विनंती, कुत्र्याला सोसायटीतून काढा अशी मागणी रागात करू नका. तसा ठराव सोसायटीला करता येत नाही, मग मूळ विषय बाजूला पडून प्राणिप्रेमी विरुद्ध बाकीचे असं भांडण सुरू होतं आणि बाबांचा पाय सगळे विसरतात. आमच्याकडे हेच झालंय.

सायली_पुणे | मंगळवार, रात्री ८:२०

आज लसीचा दुसरा डोस झाला आणि तिथूनच पोलीस चौकीत गेलो. ठाणे अंमलदार म्हणाले, कुत्र्यावर काय गुन्हा दाखल करणार, फार तर एनसी (अदखलपात्र तक्रारीची नुसती नोंद) घेतो, आणि शेजारी-शेजारी आहात, आपसात मिटवा. बाबा लगेच उठले, "मी सांगत होतो ना". मी अर्ज लिहून दिला, त्याची शिक्का मारलेली प्रत मात्र घेऊन आले. खरंच एनसीच होते का?

वकील_सातारा | मंगळवार, रात्री ९:३५

नाही. शिक्क्याची प्रत आणलीत हे फार चांगलं केलंत.

भारतीय न्याय संहिता, कलम २९१. आपल्या ताब्यातल्या जनावरापासून माणसाच्या जिवाला किंवा गंभीर दुखापतीचा संभव असताना जाणूनबुजून किंवा निष्काळजीपणाने पुरेशी खबरदारी न घेणं. सहा महिन्यांपर्यंत कैद किंवा पाच हजारांपर्यंत दंड किंवा दोन्ही. जुन्या आयपीसीत हेच कलम २८९ होतं आणि दंड फक्त एक हजार. १ जुलै २०२४ पासूनच्या घटनेला नवा कायदा. हा गुन्हा दखलपात्र आहे, जामीनपात्र आहे. सोबत त्याच संहितेचं कलम १२५ लागतं, निष्काळजी कृत्याने दुखापत, आणि दुखापत गंभीर ठरली (हाड मोडणं वगैरे) तर त्याच कलमात तीन वर्षांपर्यंत शिक्षा. गुन्हा कुत्र्यावर नसतोच, मालकावर असतो, हे नम्रपणे सांगायचं.

चौकीत घेतलं नाही तर नागरिक सुरक्षा संहितेच्या कलम १७३(४) खाली तोच अर्ज पोस्टाने पोलीस उपायुक्तांना पाठवायचा, आणि तिथेही काही झालं नाही तर १७५(३) खाली दंडाधिकाऱ्यांकडे. घाई करा असं म्हणत नाही पण सहा महिने शिक्षेच्या गुन्ह्याची दखल कोर्टाला एका वर्षाच्या आत घ्यावी लागते, त्यामुळे "बघू दिवाळीनंतर" असं करत बसू नका.

एक खरं सांगतो, कोर्टाला वेळ लागतो. मुंबईत २०१० साली एका रॉटवायलरने मालकाच्या नातेवाइकाला चावलं होतं, २०२३ मध्ये मालकाला तीन महिन्यांची शिक्षा झाली. तेरा वर्षं. वरळीत एका हस्कीने २०१८ साली लिफ्टमध्ये शेजाऱ्याला चावलं त्याचा निकाल २०२५ ला लागला, मालकाला चार महिने. म्हणजे शिक्षा होते, पण फौजदारी गुन्ह्यातून तुमच्या हाती लगेच पैसे येतील असं नाही. शिक्षा देताना कोर्ट नागरिक सुरक्षा संहितेच्या कलम ३९५ खाली जखमीला भरपाई द्यायला सांगू शकतं, ते सरकारी वकिलांना आठवणीने सांगावं लागतं.

पैशासाठी खरा रस्ता दिवाणी. आधी वकिलाची नोटीस, मग दावा, निष्काळजीपणाबद्दल. त्यात मागायचं काय – औषधं, ड्रेसिंग, रिक्षाचे पैसे, तुम्ही कामावरून घेतलेली बिनपगारी रजा, घरी माणूस ठेवावा लागला तर तो, पुढे प्लास्टिक सर्जरी लागली तर तिचा अंदाजित खर्च, आणि वेदना व मनस्ताप. प्रत्येक रिक्षाची पावती मिळत नाही, म्हणून वहीत तारीख, कुठून कुठे, किती असं रोजच्या रोज लिहा.

आणि सगळ्यात महत्त्वाचं, हा कुत्रा आधी कोणावर धावला होता का ते शोधा. कुत्रा हा कायद्याच्या नजरेत मुळात पाळीव, सौम्य प्राणी, त्यामुळे "आम्हाला काय माहीत तो चावेल" हा मालकाचा ठरलेला बचाव. आधीची एक जरी तक्रार, एक जरी व्हॉट्सॲप मेसेज सापडला की तो बचाव संपला.

सायली_पुणे | बुधवार, सकाळी ११:०५

सापडला. सोसायटीच्या ग्रुपवर गेल्या वर्षी गणपतीत पाचव्या मजल्यावरच्या वहिनींनी लिहिलंय की हा कुत्रा त्यांच्या मुलाच्या अंगावर गेला, शर्ट फाडला, आणि काकांनी खाली उत्तर दिलंय "सॉरी, यापुढे मी स्वतः खाली नेईन". स्वतः नेईन. मी दोनदा वाचलं ते.

नागपूरकर_७८ | बुधवार, दुपारी १२:५०

सायलीताई, तुमच्या धाग्यात घुसतो आहे, माफ करा. आमच्या इकडं प्रकरण वेगळं आहे, मालकच नाही. माझा पोरगा सात वर्षांचा, ट्यूशनहून येऊन राह्यला होता, गल्लीतल्या तीन कुत्र्यांनी पाडलं त्याले. दंड, पाठ आणि कानाची पाळी. कानाची पाळी अर्धी गेली जी. सीरम, लस सगळं झालं, जखमा भरल्या, पण पोरगा आता संध्याकाळी घराबाहेर पडत नाही, कोणाचं कुत्रं भुंकलं तरी अंथरूण ओलं करतो. दोन महिने झाले. महापालिकेत गेलो तर म्हणतात आम्ही नसबंदी करून सोडतो, आमच्या हातात तेवढंच. मी कोणावर केस करू?

वकील_सातारा | बुधवार, रात्री १०:१०

नागपूरकर, वाचून वाईट वाटलं. तुमचं उत्तर लांब आहे, नीट वाचा.

२०२३ च्या प्राणी जन्म नियंत्रण नियमांप्रमाणे भटक्या कुत्र्यांची नसबंदी आणि लसीकरण ही स्थानिक संस्थेची जबाबदारी आहे. सर्वोच्च न्यायालयाने २२ ऑगस्ट २०२५ च्या आदेशात सांगितलंय की नसबंदी-लसीकरण करून कुत्री त्याच भागात सोडायची, पण रेबीज झालेली किंवा आक्रमक कुत्री सोडायची नाहीत. ७ नोव्हेंबर २०२५ च्या आदेशात शाळा, रुग्णालयं, क्रीडासंकुलं, बस स्टँड, रेल्वे स्टेशन इथली कुत्री उचलायची आणि परत तिथे सोडायची नाहीत असंही म्हटलंय. म्हणजे "सोडतो, आमच्या हातात तेवढंच" हे उत्तर आता पुरत नाही. या तीन कुत्र्यांबद्दल आधी कोणी तक्रार केली होती का, नसबंदी झाली होती का (कानाला खाच असते, बघून फोटो काढा), हे माहितीच्या अधिकारात मागा. तुमच्या प्रभागात गेल्या दोन वर्षांत किती कुत्र्यांची नसबंदी, किती लसीकरण, किती तक्रारी, कारवाई काय. तीस दिवसांत उत्तर द्यावं लागतं.

भरपाईचं. पंजाब-हरियाणा उच्च न्यायालयाने नोव्हेंबर २०२३ मध्ये सरळ हिशोबच घालून दिला, दाताच्या प्रत्येक खुणेला किमान दहा हजार रुपये, आणि मांस निघालं असेल तर जखमेच्या दर ०.२ सेंटिमीटरला किमान वीस हजार, आणि मुख्य जबाबदारी राज्याची. केरळसाठी सर्वोच्च न्यायालयाने २०१६ मध्ये न्यायमूर्ती सिरी जगन समिती नेमली होती, कुत्रा चावलेल्यांचे अर्ज तपासायला. आपल्याकडे वन खात्याकडून बिबट्या, रानडुकराच्या हल्ल्याची भरपाई मिळते, गल्लीतलं कुत्रं त्या यादीत नाही. म्हणून मार्ग दोन. उच्च न्यायालयाच्या नागपूर खंडपीठात रिट याचिका, जगण्याच्या हक्कावर, राज्यघटनेचं कलम २१; त्यात पंजाबचा निकाल बंधनकारक नसला तरी दाखवता येतो, न्यायाधीश वाचतात. किंवा पालिकेवर दिवाणी दावा. पण सांभाळा, महानगरपालिका अधिनियमाच्या कलम ४८७ प्रमाणे आधी एक महिन्याची लेखी नोटीस द्यावी लागते आणि दावा सहा महिन्यांच्या आत लावावा लागतो. तुमचे दोन महिने गेलेत. या आठवड्यात नोटीस काढा.

मुलासाठी बालमानसोपचार तज्ज्ञांकडे जा. ते त्याच्यासाठीच, पण त्यांचे कागदही भरपाईत धरले जातात, हे सांगायला हवं म्हणून सांगतो.

डॉक्टर_माणगाव | बुधवार, रात्री १०:४२

अंथरूण ओलं करणं ही भीतीची खूण आहे, पोराला रागावू नका. कानाचं कोवळं हाड उघडं पडलं असेल तर प्लास्टिक सर्जनना आत्ताच दाखवा, दुरुस्ती कधी करायची हे तेच ठरवतील, मोठं झाल्यावर बघू असं नको. आणि यापुढे कधी परत कुत्रा चावला (न चावो) तर आधी पूर्ण लस झालीय हे सांगायचं, मग फक्त पहिल्या आणि तिसऱ्या दिवशी डोस, सीरम लागत नाही. लसीचं कार्ड लॅमिनेट करून ठेवा.

शुभांगी_कल्याण | गुरुवार, सकाळी ९:१५

आमच्याकडे पोळ्या करायला येतात त्या ताईंना दुसऱ्या घरचा कुत्रा चावला, त्याच घरात काम करताना. मालकिणीने पाचशे रुपये दिले आणि हात बरा होईपर्यंत येऊ नका म्हणाली, तीन आठवड्यांचा पगार कापला. उरलेल्या चार घरांचाही गेला कारण ओल्या हाताने कणीक मळता येईना. त्या म्हणतात तक्रार केली तर पूर्ण इमारतीतलं काम जाईल. वकील परवडत नाही. त्यांच्यासाठी काही आहे का?

वकील_सातारा | गुरुवार, दुपारी २:००

आहे. विधी सेवा प्राधिकरण कायदा १९८७, कलम १२, स्त्रियांना आणि मुलांना उत्पन्न न बघता मोफत वकील मिळतो. कल्याणच्या कोर्टातच तालुका विधी सेवा समितीचं ऑफिस असेल, आधार कार्ड आणि केसपेपर घेऊन जायचं, किंवा १५१०० वर फोन. तिथे दावा लावायच्या आधीही समोरच्याला बोलावून तडजोडीला बसवतात, त्यामुळे "पोलीस केस" असं काही होत नाही आणि तरी मालकिणीला सरकारी नोटीस जाते. पाचही घरांचा बुडालेला पगार मागायचा, फक्त त्या एका घरचा नाही. बाकीच्या चार घरांनी "या ताई आमच्याकडे इतक्या पगारावर काम करतात, अमुक ते अमुक तारीख येऊ शकल्या नाहीत" असं लिहून दिलं तर बस झालं. शुभांगीताई, पहिलं पत्र तुम्ही द्या.

शुभांगी_कल्याण | गुरुवार, दुपारी २:२०

आजच लिहिते. बाकी तिघींशीही बोलते.

फ्रीमाँटची_अनघा | शुक्रवार, पहाटे ५:५०

इथे कॅलिफोर्नियात माझ्या भाच्याला पार्कमध्ये चावला होता म्हणून लिहिते. इथल्या कायद्यात कुत्रा आधी कोणाला चावला होता की नाही, मालकाला माहीत होतं की नाही, हे सिद्धच करावं लागत नाही, तुम्ही सार्वजनिक जागी किंवा कायदेशीरपणे कुठे असाल आणि चावला, तर मालक जबाबदार. बहुतेक वेळा पैसे घराच्या विम्यातून येतात म्हणून शेजारी एकमेकांशी बोलणं बंद करत नाहीत. वकील साहेबांनी वर लिहिलेलं वाचून समजलं की सायलीला तो व्हॉट्सॲप मेसेज सापडणं किती मोठं होतं, इथे त्याची गरजच पडली नसती. आपल्याकडेही असं व्हायला पाहिजे असं मनापासून वाटतं.

सायली_पुणे | अकरा दिवसांनी, रविवार

थोडं सांगते. कुत्रा दहा दिवस व्यवस्थित आहे, त्याचं पुस्तक बघितलं, रेबीजची लस खरंच दिलेली आहे, परवाना मात्र दोन वर्षांपूर्वी संपलेला. बाबांची जखम मध्ये चिघळली, दोन दिवस सलाइनमधून अँटिबायोटिक द्यावं लागलं खासगी हॉस्पिटलमध्ये, आतापर्यंत ४१ हजार झाले. वकिलांकडून नोटीस पाठवली, त्यात फुटेजचा, मेसेजचा आणि परवान्याचा उल्लेख केला.

नोटीस मिळाल्यावर काकू आल्या. काका नाही आले. काकू म्हणाल्या, "एवढं कोर्टापर्यंत जायची काय गरज होती, नुसतं सांगितलं असतं तरी दिले असते". मी म्हटलं काकू, पहिल्या दिवशी नुसतं सांगायलाच उभे होतो आम्ही. त्या गप्प बसल्या, मग पोटरी बघायला मागितली बाबांची, आणि बघून रडल्या. त्या आता पूर्ण बिल आणि वर २५ हजार द्यायला तयार आहेत. बाबांना हे घेऊन संपवायचंय. मला अजून गुन्हा दाखल व्हावासा वाटतो, पाचव्या मजल्यावरचा मुलगा डोळ्यासमोर येतो. पण पाय त्यांचा आहे.

वकील_सातारा | रविवार, संध्याकाळी ६:३०

पाय त्यांचा आहे, निर्णय त्यांचाच. फक्त कागद नीट करा. पाचशेच्या स्टॅम्पवर, दोन साक्षीदार, पैसे चेकने किंवा खात्यावर, रोख नको. त्यात घटना कबूल केलेली असावी, कुत्र्याला यापुढे घरातली मोठी व्यक्तीच आखूड पट्ट्याने खाली नेईल हे असावं, परवान्याचं नूतनीकरण अमुक तारखेपर्यंत असावं, आणि याच जखमेमुळे पुढे काही उपचार लागले तर तो खर्च वेगळा हे असावं. "पूर्ण आणि अंतिम" असे शब्द त्यांचा वकील घालेल, ते या शेवटच्या कलमाशी जुळत नाहीत, काढायला लावा.

आणि "पैसे मिळाले म्हणून गुन्हा दाखल करणार नाही" असं वाक्य अजिबात नको. २९१ हा आपसात मिटवता येणाऱ्या गुन्ह्यांच्या यादीत नाही, पैशाच्या बदल्यात फौजदारी दाबण्याचा करार कायद्याने रद्दबातल ठरतो आणि उलट तुमच्यावरच शेकू शकतो. भरपाई भरपाईच्या जागी. चौकीतला अर्ज आहे तिथे असू दे.

शेरूची_आई | रविवार, रात्री ८:०५

परवान्याचं आणि पट्ट्याचं कलम सोसायटीच्या सभेतही वाचून दाखवा सायली, म्हणजे पाचव्या मजल्यावरच्या वहिनींनाही आधार होईल. आणि काकूंना सांगा, चांगला ट्रेनर बघून द्यायला मी तयार आहे, माझा नंबर मेसेजमध्ये पाठवते.

सायली_पुणे | अठ्ठाविसाव्या दिवशी

आज शेवटचा डोस झाला. करार शुक्रवारी झाला, पैसे खात्यावर आले, पुढच्या उपचारांचं कलम राहिलं, "अंतिम" शब्द काढला. सही करायला काका स्वतः आले होते. त्यांनी बाबांकडे बघितलं नाही, सही केली, आणि जाताना दारात थांबून म्हणाले, "मी स्वतः न्यायला हवा होता". बाबा म्हणाले, "हो".

बाबा लिफ्ट वापरत नाहीत अजून. दूध आणायला जिन्याने उतरतात, वळणावर थांबून खाली बघतात, मग पुढे. टेकडी बंद आहे. डॉक्टर म्हणतात पायाला चालायला काही हरकत नाही.

डॉक्टर_माणगाव | त्याच दिवशी, रात्री

आठवडाभर तू बरोबर जा टेकडीवर. शक्यतो त्याच वेळेला.

नागपूरकर_७८ | दोन दिवसांनी

माहिती अधिकाराचं उत्तर आलं. आमच्या गल्लीतून मागच्या वर्षी चार लेखी तक्रारी गेल्या होत्या, एकावरही कारवाई नाही, "पथक उपलब्ध नव्हते" असं लिहून दिलं आहे सहीशिक्क्यासकट. वकील साहेब, तुम्ही सांगितल्याप्रमाणे नोटीस मागेच काढली होती, आता या उत्तराची प्रत जोडून दुसरं पत्र आज स्पीड पोस्टानं टाकलं. पोराले बालमानसोपचारवाल्या मॅडमकडं दोनदा नेलं, काल गेटपर्यंत आला माझ्यासंगं. पोच आली की इथं टाकतो.